चौथा फोटो

गुळगुळीत कागदाच्या मासिकात इंटर्नशिप करायची ती मुंबईत, नाहीतर दिल्लीत, अशी आमच्या नागपूरच्या पत्रकारितेच्या वर्गात सगळ्यांची समजूत होती. मीही दोन्हीकडे भरपूर अर्ज पाठवले. कोणीच नाही म्हटलं नाही, कारण कोणीच उत्तर दिलं नाही. शेवटी साकोलीची माझी आत्या फोनवर म्हणाली, "अवं, आमच्या साकोलीतून निघते ना एक मासिक. असं चिकनं कागद असते, माशी बसली तं घसरते." आत्याकडे राहायची सोय होती, कॉलेजला कुठल्याही संपादकाची सही चालत होती आणि माशी घसरत होती. दिवाळी आटोपल्यावर मी साकोलीला जाऊन दाखल झाले.

मासिकाचं नाव 'झळाळी'. संपादक, प्रकाशक, छायाचित्रकार आणि सकाळी झाडू मारणारी व्यक्ती एकच होती, रामटेके मॅडम. हायवेच्या कडेला, टायरच्या दुकानाशेजारी त्यांचा गाळा होता. पूर्वी तिथे त्यांच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता आणि तो बंद झाला हे त्या गाळ्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. दाराशी आरसा होता, आरशाला सुतळीने बांधलेला कंगवा होता, आणि मागच्या भिंतीवर रंगवलेला पडदा होता. पडद्यावर बर्फाचा डोंगर, डोंगराखाली कमळाचं तळं आणि तळ्यातून वर जाणारा संगमरवरी जिना. आल्यागेल्याने बसायची खुर्ची बरोबर त्या पडद्यापुढे. त्यामुळे भांडायला आलेला माणूसही बर्फाच्या डोंगरात बसून भांडायचा आणि त्याचा निम्मा जोर तिथेच जायचा.

मॅडम पंचावन्नच्या आसपासच्या. सुती साडी, पायात पुरुषी सँडल, गळ्यात कॅमेरा. कॅमेरा जेवतानाही गळ्यात असायचा, फक्त भाजीत बुडू नये म्हणून पाठीवर ढकललेला. त्यांनी माझं कॉलेजचं पत्र वाचलं आणि विचारलं, "इंटर्न म्हंजे काय करते?"

"शिकते, मॅडम."

"मंग शिक. पंख्याचं बटन तिकडं हाये."

माझं प्रशिक्षण एवढ्यावर सुरू झालं. नाव त्यांनी कधी विचारलं नाही. शेवटपर्यंत मी "ए इंटर्न" होते, आणि शेजारचा टायरवाला मला इंटर्नताई म्हणायचा. मला ते आवडायला लागलं होतं, हे सांगून टाकते.

मॅडमच्या भाषा दोन. फोनवर आणि संपादकीयात शुद्ध, समोरच्या माणसाशी आपली झाडीपट्टीची. फोन वाजला की त्या आधी खाकरायच्या आणि मग आकाशवाणी सुरू व्हायची. फोन कायम स्पीकरवर, कारण दोन्ही हात कॉम्प्युटरवर कोणाचातरी फोटो सरळ करण्यात गुंतलेले. त्यामुळे 'झळाळी'चे सगळे फोन मी आणि टायरवाला मिळून ऐकत असू.

मासिकात काय असायचं? जे अशा मासिकात असतं ते सगळं, पण आपल्या हवेला मानवेल असं. फॅशनच्या पानावर उन्हाळ्यात स्कूटीवर जाताना तोंडाला दुपट्टा बांधायच्या पद्धती. पाककृतीच्या पानावर शिंगाड्याच्या पिठाचा शिरा आणि लाखोरीच्या डाळीचे वडे. राशिभविष्य माझ्याकडे आलं. मी वृश्चिकेला महिनाअखेर प्रकृती जपायला सांगितलं, तर मॅडमनी ते ओळीसकट काढून टाकलं. "एवढ्या महागाच्या कागदावर वाईट बातमी नाही छापत," त्या म्हणाल्या. तेव्हापासून भंडारा जिल्ह्यातल्या वृश्चिक राशीला माझ्यामुळे बरे दिवस होते.

अंक कोणी विकत घेत नसे. तो ब्युटी पार्लरमध्ये, दाताच्या दवाखान्यात आणि मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ठेवलेला असायचा. म्हणजे 'झळाळी'चा वाचक नेहमी कशाची ना कशाची वाट पाहत असायचा. मॅडमना ते बरोबर वाटायचं. घाईत असलेला माणूस फोटो पाहत नाही, असं त्यांचं म्हणणं.

खरा जीव होता मुखपृष्ठात. दर अंकाच्या मुखपृष्ठावर जिल्ह्यातली एक बाई. एकटी. नटी नाही, पुढारीण नाही, कुठे पहिली आलेली नाही. चिखल्याच्या मॅंगनीजच्या खाणीजवळ खानावळ चालवणारी असेल, पवनीच्या बाजारात बांगड्या भरणारी असेल. पहिल्याच आठवड्यात मी शहाणपणाने विचारलं, की हिने केलंय काय म्हणून ही कव्हरवर? मॅडम कॉम्प्युटरवरून नजर न काढता म्हणाल्या, "आपल्याकडं बाईचे एकटीचे तीन फोटो निघते. पहिला, पाहाले येते तवा. दुसरा, आधार कार्डाचा. तिसरा, हार घालाचा. तो बी बहुतेक कोणाच्या तरी लग्नातल्या गर्दीतून कापून काढलेला. तिन्ही कायच्या ना कायच्या कामाचे. मी चौथा काढते."

"तो कशासाठी?"

"कायच्यासाठीच नाही."

मी म्हटलं, "मॅडम, आता मोबाइल आहे. बायका दिवसाला दहा फोटो काढतात." तर म्हणाल्या, "तुह्या मोबाइलमंदी तुह्या आईचा एकटीचा दाखव बरं." मी मोबाइल काढला. आई केक धरून होती. आई मावशीच्या नातवाला घेऊन होती. आई पुरणपोळीचं ताट पुढे करत होती, त्यात पोळीच स्पष्ट आली होती. मी बराच वेळ शोधत राहिले. मॅडमनी पुन्हा विचारलं नाही.

त्यांच्या टेबलामागे बुद्धाची तसबीर होती आणि शेजारी त्यांच्या आईचा हार घातलेला फोटो. आईच्या डाव्या खांद्यावर चार बारीक बोटं होती. दुसऱ्या कोणाची तरी. मला वाटलं छपाईचा दोष. एकदा चहा पिताना मॅडमनी आपणहून सांगितलं. वडील अख्ख्या साकोलीचे फोटो काढायचे. आई म्हणायची, माझाही एक काढा. ते म्हणायचे, "घरचंच माणूस, कधीबी काढू." आई गेली तेव्हा फोटोग्राफरच्या घरात तिचा एकटीचा फोटो नव्हता. मग कुठल्याशा लग्नातला सापडला, त्यात ती परक्या बाईचं लेकरू कडेवर घेऊन उभी. वडिलांनी डार्करूममध्ये बसून ते लेकरू पुसलं. त्यांच्या हातात कला होती, लेकरू छान गेलं. बोटं मात्र पदराच्या काठावर होती, ती काढली तर काठ जात होता.

"तं मंग राहू देल्ली," मॅडम म्हणाल्या आणि कपबश्या विसळायला गेल्या.

मॅडमची फोटो काढायची रीत सांगितली पाहिजे, कारण ती कुठल्याही कॉलेजात शिकवत नाहीत. त्या "स्माइल" म्हणायच्या नाहीत. बाईला तिच्या आवडीच्या जागी बसवायच्या आणि म्हणायच्या, "उगी बसा." बस्स. मग ती बाई दर वेळी एकच प्रश्न विचारायची. चिखल्याच्या खानावळवाल्या काकूंनी विचारला, शाळेतल्या शिपाईण बाईंनी विचारला, एका सरपंचबाईंनीही विचारला. "हाताचं काय करू?"

"काहीच नका करू," मॅडम म्हणायच्या. "हेच तं कठीन हाये."

आणि खरंच कठीण असायचं. हात आपोआप काहीतरी शोधायचे. पदर, किल्ल्या, शेजारून जाणारं शेळीचं पिल्लू. मॅडम एकेक वस्तू शांतपणे काढून घ्यायच्या आणि माझ्याकडे द्यायच्या. एका फोटोच्या शेवटी माझ्याकडे विळी, रुमाल आणि ते पिल्लू असं सगळं जमलेलं असायचं. मग केव्हातरी ती बाई हात विसरायची आणि तेव्हा कॅमेरा वाजायचा.

आता लोकांचं काय व्हायचं ते सांगते. आपल्याकडे पोरीचा बरे कपडे घालून एकटीचा फोटो निघाला, की त्याचा अर्थ एकच. अंक दवाखान्यांत पोचला की दुसऱ्या दिवशी फोन सुरू.

"कव्हरवरच्या मुलीची उंची किती?"

मॅडम खाकरायच्या. "क्षमस्व. ते स्थळ नाही. मुखपृष्ठ आहे."

"हो हो, ते समजलं. शिक्षण काय झालं?"

"ते स्थळ नाही."

"समाज कोणता पण?"

एवढं झालं की मॅडम फोन ठेवायच्या. लोक चिडायचे नाहीत. त्यांना वाटायचं, पोरीकडच्यांना चांगली मागणी येतेय म्हणून भाव खाताहेत.

यातूनच आसगावच्या प्रणालीचं प्रकरण झालं. प्रणाली नर्सिंगला शिकत होती. हिवाळ्यात मॅडमनी तिला गावच्या तलावाच्या पाळीवर बसवून फोटो काढला, निळा ड्रेस, हात मांडीवर मोकळे. फोटो इतका सुरेख आला की टायरवाल्याने तो दुकानात लावला. अडचण अशी की प्रणालीचा साखरपुडा आधीच झाला होता, लाखनीकडच्या एका गावात. आणि नवऱ्या मुलाचा मामा नेमका त्या महिन्यात दाढ काढायला साकोलीच्या दवाखान्यात आला. तोंड उघडं ठेवून बसलेला असताना समोरच्या टेबलावर त्याला होणारी भाचेसून दिसली.

तिसऱ्या दिवशी बोलेरोतून तिघे उतरले. नवऱ्या मुलाचे वडील, तो मामा आणि मुलाची आई गिरजाबाई. वडील काही बोलले नाहीत, मामाच गालाला रुमाल लावून बोलत होता. "साखरपुडा झालेल्या पोरीचा फोटो दुनियेत काहून ठेवला? म्हंजे तिच्याकडचे अजून पाहून राहिले ना दुसरं? आमी काय येडे हाओ?"

"ते स्थळ नाही. मुखपृष्ठ आहे," मॅडम म्हणाल्या.

"मंग फोटो कायच्यासाठी काढला?"

"कायच्यासाठीच नाही."

या उत्तरावर जगात कोणी विश्वास ठेवला असता असं मला वाटत नाही. मामा म्हणाला, आजच आसगावला निरोप धाडतो, सोयरीक मोडली म्हणून. मॅडमनी हातातली बशी खाली ठेवली. एका फोटोपायी एका पोरीचं ठरलेलं लग्न मोडत होतं, आणि फोटो त्यांनी काढला होता. बर्फाच्या डोंगराचाही उपयोग होत नव्हता.

मग गिरजाबाईंनी अंक हातात घेतला. बराच वेळ पाहिला. म्हणाल्या, "इनं हातात काहीच नाही धरलं काहून?"

मॅडमनी मामाकडे पाठच फिरवली. "माय, तुमचा हाये काय एकटीचा फोटो?"

"आधारवर हाये."

"अन् पाहाले आले होते तवाचा?"

"तवा कोठचा फोटो? सासऱ्यानं येऊनच पाह्यलं."

"मंग मी काढते तुमचा. पुढच्या कव्हरवर तुमी. सुनेच्या नंतर सासू." मग मामाकडे वळून त्या शुद्ध मराठीत म्हणाल्या, "यानंतर कव्हरवर स्थळं असतात असं आपण म्हणू शकणार नाही. आपली बहीणच तिथे असेल."

मामाने रुमाल काढला. त्याला यात काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, पण काय ते दाढेच्या दुखण्यात सापडत नव्हतं. वडील पहिल्यांदा बोलले. "रंगीत येईन ना?" त्यांनी विचारलं.

आठवड्याने आम्ही त्यांच्या गावी गेलो. गिरजाबाईंनी सांदवाडी, म्हणजे घरामागचं अंगण, झाडून सारवून ठेवली होती. खुर्चीवर बसल्या आणि सूप घेतलं. मॅडमनी ते काढून माझ्याकडे दिलं. मग धाकट्या दिराची नात धावत आली, तिला त्यांनी सवयीने उचललं. मॅडमनी तिलाही माझ्याकडे दिलं. तसं करताना मॅडम क्षणभर थांबल्या आणि त्या पोरीची बोटं गिरजाबाईंच्या खांद्यावरून स्वतःच्या हाताने, एकेक करून सोडवली. आता तिथे काही उरलं नाही याची खात्री केली. मग मागे झाल्या.

"हाताचं काय करू, बाई?"

"काहीच नका करू."

गिरजाबाई बसल्या. कुडावरचा कावळा उडाला, आतून कोणीतरी मीठ कुठे आहे विचारलं, त्यांनी बसल्या जागी ओरडून सांगितलं. मग एकाएकी त्यांचे डोळे भरले. मॅडमनी फोटो घेतला नाही. डोळे पुसून होईपर्यंत कॅमेरा खाली धरून उभ्या राहिल्या. "लग्न झालं तवापासून," गिरजाबाई म्हणाल्या, "अशी दुपारची रिकामी नाही बसली मी." मला रडू आलं, पण माझ्या कडेवर परकी पोरगी आणि हातात सूप असल्यामुळे ते पुसायची सोय नव्हती.

तो अंक निघाला. सोयरीक टिकली. फोनही आलाच. "कव्हरवरच्या बाईचं घराणं चांगलं दिसते. घरात एखादी पोरगी-गिरगी हाये काय?"

उन्हाळ्यात प्रणालीच्या लग्नाला आम्ही दोघी नवऱ्या मुलाच्या गावी गेलो. गिरजाबाईंनी कव्हर फ्रेम करून ओसरीत लावलं होतं. एकट्या बाईचा फ्रेममधला फोटो पाहून प्रत्येक पाहुणा आधी चप्पल काढून हात जोडायचा. गिरजाबाई वरातीची गडबड सोडून पुन्हा पुन्हा ओसरीत यायच्या आणि सांगायच्या, "अवो, मी हाओ ना जिती. मीच हाओ ते." त्या दिवशी मॅडमना मी पहिल्यांदा मोठ्याने हसताना ऐकलं.

हसायला तसं काही कारण नव्हतं, कारण मासिक चालत नव्हतं. आमच्या मुख्य जाहिराती सराफांच्या. ते एकेक करून बाजूला होत होते. त्यातल्या एकाने स्पष्टच सांगितलं, "मॅडम, कव्हरवर नवरी नाही तं दागिना कोन पाहीन? तुमच्या बायांच्या गळ्यात पोत बी धड नसते." मॅडम म्हणाल्या, बरोबर आहे. मासिक बंद पडणार हे आम्हा दोघींना आणि टायरवाल्याला दिसत होतं.

अशा वेळी नागपूरच्या एका वधू-वर सूचक मंडळाचे गृहस्थ आले. सफारी, अत्तर, हातात आमचे जुने अंक. ते बर्फाच्या डोंगरात बसले आणि म्हणाले, "मॅडम, लोक तसंही स्थळच समजतात. मग आपण नाही कशाला म्हणायचं? छपाई, कागद सगळं आमच्याकडे. मुखपृष्ठ तुमचंच. फक्त खाली एक पट्टी. उंची, शिक्षण, अपेक्षा. दोन बोटांची पट्टी."

मॅडमनी त्यांना चहा पाजला आणि उद्या कळवते म्हणाल्या. मला धक्काच बसला. पण तो गाळा म्हणजे त्यांचं सगळं होतं, आणि नुसती एक पट्टी मागितली होती. घरी गेल्यावर आत्याही म्हणाली, "घ्या म्हनाव बाप्पा. पट्टीनं काय होते?"

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या, झाडू मारला, गिरजाबाईंचा अंक टेबलावर ठेवला आणि विचारलं, "किती बोटांची म्हने पट्टी?"

"दोन."

त्यांनी आपली दोन बोटं कव्हरच्या तळाला आडवी ठेवली. बोटांखाली गिरजाबाईंचे मांडीवरचे मोकळे हात बरोबर झाकले गेले. मॅडमनी बोटं उचलली, पुन्हा ठेवली, पुन्हा उचलली. मग खाकरून फोन लावला आणि शुद्ध मराठीत नाही म्हणाल्या.

"पुढचा अंक शेवटचा," त्या मला म्हणाल्या. "राशिभविष्य चांगलं लिह्य."

शेवटच्या अंकासाठी ठरलेली बाई ऐनवेळी माहेरी निघून गेली. पानं तयार, कव्हर कोरं. मी म्हटलं, "मॅडम, तुमचाच काढू."

"माहा? कायच्यासाठी?"

"कायच्यासाठीच नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू शिकायला आलेली ही पोरगी नको तेवढं शिकली. मग उठल्या. दाराशी गेल्या, आरशासमोर उभं राहून त्या सुतळीच्या कंगव्याने भांग पाडला. सुतळी आखूड असल्यामुळे मान वाकवावी लागत होती. तसंच वाकलेल्या मानेने बोलल्या, "एकदा पाव्हने येणार होते मले पाहाले. आधी फोटो धाडा म्हने. बाबा म्हनले, घरचीच पोरगी, कधीबी काढू. मंग लग्नसराई लागली. दुसऱ्याच्या पोरींची रांग. मीच लाइट धरला त्यायच्यासाठी. पाव्हने दुसरीकडं गेले." कंगवा आरशावर टांगला. "तुह्या त्या मोबाइलनं नको काढू. हा घे."

आणि कॅमेरा गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातला.

त्या डोंगरापुढच्या खुर्चीत बसल्या. कॅमेऱ्याशिवाय मॅडम मी कधी पाहिल्याच नव्हत्या. हात गळ्याशी गेला, तिथे काही नव्हतं. टेबलाकडे गेला, मी पेन उचलून घेतलं. पदराकडे गेला.

"हाताचं काय करू वं?" त्यांनी विचारलं.

मला वाटतं, मला त्या गाळ्यात आणून ठेवलं ते या एका प्रश्नाचं उत्तर द्यायला. ते दिलं. "काहीच नका करू, मॅडम. हेच तर कठीण आहे."

त्या बसल्या. बाहेर ट्रक गेले, टायरवाल्याची हवा भरायची मशीन सुरू झाली आणि बंद झाली. केव्हातरी मॅडम स्वतःचे हात विसरल्या. मी बटण दाबलं.

अंक निघाला आणि दवाखान्यांत गेला. माझी इंटर्नशिप संपली, कॉलेजच्या पत्रावर सही झाली. गाळा भाड्याचा, तो रिकामा करायचा होता. मॅडमनी आईच्या फोटोवरचा हार काढून काच पुसायला घेतली आणि फोन वाजला. सवयीने स्पीकरवर टाकला, खाकरल्या.

"नमस्कार. 'झळाळी' मासिक."

"नमस्कार मॅडम, तुमसरवरून बोलतो." तरुण आवाज होता. "ते कव्हरवरच्या बाई... म्हणजे, माझ्यासाठी नाही. बाबांसाठी. रिटायर झाले, आई जाऊन बरेच दिवस झाले. दाताच्या दवाखान्यात अंक पाहत बसले होते. डॉक्टरनं नंबर पुकारला तरी उठले नाही."

मी मॅडमच्या वाक्याची वाट पाहत होते. शेजारी टायरवाल्यानेही मशीन बंद केली होती. वाक्य आलं नाही.

"बाबाले माहीत हाये काय, तुमी फोन केला ते?" मॅडमनी विचारलं. शुद्ध मराठी कुठेतरी राहूनच गेली होती.

"नाही."

"मंग आधी त्यायले विचारा."

"विचारतो. पण... उंची किती असंल त्यांची?"

मॅडमनी आईच्या फोटोकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पाच फूट दोन."

"अन् दुसरा एखादा फोटो भेटन काय? घरी दाखवायला?"

"दुसरा एकच हाये. आधारचा. तो पाहून आजवर कोनाचं जमलं नाही."

फोन ठेवला. काच पुसून पुरी केली. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "उंची इचारली तं सांगा लागते. त्यात काय लपवाचं?" मी काहीच म्हटलं नव्हतं.

दुपारी मी भंडाऱ्याच्या बसमध्ये खिडकीशी बसले. बस स्टँडवरून हायवेला लागली तेव्हा मॅडम स्कूटीवर दिसल्या. गळ्यात कॅमेरा, तोंडाला दुपट्टा, आमच्या फॅशनच्या पानावर होता तसाच बांधलेला. पायाशी आईचा फोटो उभा, तोंड पुढे करून, म्हणजे आई सगळी साकोली बघत चालली होती. मी हात हलवला, त्यांना दिसला नाही. त्यांनी एकाएकी स्कूटी कडेला घेतली, पर्समधून फोन काढला, दुपट्टा खाली ओढला. या वेळी फोन स्पीकरवर टाकला नाही, कानाला लावला. मोकळ्या हाताने आधी पदर सावरला, मग आईची फ्रेम धरली, आणि मग तो हात तसाच सोडून दिला. आमची बस वळेपर्यंत त्या बोलत होत्या. उंची तर सांगून झाली होती. पुढचं काय विचारत होते ते मला बसमधून ऐकू आलं नाही.